नेपियरचा प्लॉट मधून विरळ, बांधाकडेला माजलेला: तपासणी कुठून सुरू करायची

"वहिनी, पहिल्या वर्षी आमच्या गाईंना पुरून शेजाऱ्याला वैरण देत होतो. यंदा दोन दिवसांआड उसाचं वाडं आणावं लागतंय. बेणं बाद झालं का?"

दिवाळीच्या मागेपुढे असा फोन हमखास येतो. आमची शेती खटाव तालुक्यात, येरळेच्या काठाला. कृषी पदविका करून लग्न होऊन इथे आले, तेव्हापासून दावण माझ्याकडे आहे. गेली बारा वर्षं संकरित नेपियर हे वैरणीचं बारमाही गवत मी स्वतः लावते, कापते आणि बेण्यासाठी, म्हणजे लागणीच्या कांड्यांसाठी, देतेही. त्यामुळे वडूजपासून विटा-तासगावपर्यंत बरेच प्लॉट पायाखालून गेलेत. दुखणं जवळजवळ तेच असतं. बहुतेक ठिकाणी बेणं बदलायची गरज नसते. जिथे असते तिथे लोक नेमक्या चुकीच्या ठोंबाचं, म्हणजे गवताच्या झुपक्याचं, बेणं घेतात, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

लक्षणं

- दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी प्लॉटच्या मधले ठोंब बारीक होतात, काही मरतात. बांधाकडच्या आणि पाटाकडच्या ओळी मात्र पहिल्यासारख्याच दाट.
- जुन्या ठोंबाचा मध्य वाळून पोकळ होतो, फुटवे फक्त कडेने बांगडीसारखे येतात.
- मोकळ्या जागेत हरळी आणि लव्हाळा, पावसाळ्यात गाजर गवत.
- नांग्या (मेलेल्या ठोंबांच्या जागा) भरल्या तर कांड्या फुटतात, पण महिना-दीड महिन्यात बसतात.
- मधूनच काही ठोंब वेगळे दिसतात. दांडा जाड, पानाला कूस (टोचरी लव), वाढ जोरात. गाई पाला ओरबाडतात आणि दांडा टाकतात, गव्हाणीत चगळ वाढते.

डिसेंबर-जानेवारीत सगळा प्लॉट सारखाच मंदावला असेल तर काळजी करू नका. हे उष्ण हवेतलं गवत आहे, थंडीत वाढ थांबतेच. फेब्रुवारीच्या उन्हात पुन्हा धरतं का ते बघून मगच पुढचं वाचा.

१. आधी नुसतं फिरा

खर्च शून्य. कापणीनंतर दोन-तीन दिवसांनी, बुडखे (कापून उरलेले खुंट) उघडे दिसत असताना, दहा फुटांची काठी घेऊन जा. ३ × २ फुटांवर लावलं असेल तर काठीच्या लांबीत पाच ठोंब यायला हवेत. एकरी हिशेब ७,२६० ठोंबांचा होतो. पाच-सहा ठिकाणी काठी टाका, जिवंत ठोंब मोजा आणि वहीत प्लॉटचा कच्चा नकाशा काढून आकडे टाका. पाचातला एखादा गेला असेल तर नांगी भरून भागतं. निम्मे गेले असतील तर शेवटी 'थांबायचं कधी' तिथे जा.

नकाशा काढायचं कारण असं की विरळपणा कुठे आहे यावरून निम्मं निदान होतं. पाण्याच्या शेवटाला विरळ असेल तर पाणी पोचत नाही. सखल कोपऱ्यात असेल तर पाणी साचतंय. एका झाडाच्या बाजूने असेल तर झाड. ठिगळा-ठिगळांनी असेल तर मुळाशी काहीतरी खातंय. आणि कडा सोडून सगळीकडे सारखंच असेल तर ते ठोंबा-ठोंबांतलं भांडण आहे, आणि ते आपण कापणीच्या चुकांनी वाढवलेलं असतं.

फिरताना बांधाकडच्या ओळीसमोर जरा थांबा. तो ठोंब एवढा गलेलठ्ठ का? त्याला एका बाजूने पूर्ण ऊन मिळतं, त्या बाजूला शेजाऱ्याची मुळं नाहीत, पाटाचं झिरपलेलं पाणी पहिलं त्याला मिळतं. त्याची जात तीच आहे जी मधल्याची. हे डोक्यात ठेवा, पुढे लागणार आहे.

२. बुडखा किती उंच ठेवताय?

विळ्याने किंवा ग्रास कटरने कापल्यावर जमिनीपासून साधारण १५ सेंटीमीटर बुडखा राहायला हवा. टेप नको, वीतभर पसरलेल्या पंजाच्या पाऊण भागाएवढा. मजूर उक्त्यावर असेल तर तो जमिनीलगत कापतो, कारण भारा जड होतो. पण पुढचे फुटवे ज्या डोळ्यांतून यायचे ते याच बुडख्यावर आहेत, आणि नवी पानं येईपर्यंत ठोंब जगतो तो बुडख्यात आणि मुळात साठवलेल्या अन्नावर. बुडखाच गेला तर मधला ठोंब, ज्याला आधीच ऊन कमी मिळतं, त्याला पुन्हा उभं राहायला आठवडा जास्त लागतो. तेवढ्यात शेजारी त्याच्या डोक्यावर जातो.

फार उंच ठेवणंही नको. गुडघ्याएवढे धस राहिले तर वरच्या डोळ्यांतून बारीक, कमकुवत फुटवे येतात आणि जमिनीतून येणारे जाड फुटवे दबतात. विळ्याला धार असू द्या. बोथट विळ्याने बुडखा चिरतो, पावसात तिथूनच कुजायला लागतं.

हे दुरुस्त करायला एक रुपया लागत नाही, आणि मी पाहिलेल्या प्लॉटांत सगळ्यात जास्त सुधारणा यानेच झालीय.

३. दोन कापण्यांत किती दिवस?

लागणीनंतरची पहिली कापणी ६० ते ७० दिवसांनी, नंतर दर ४० ते ४५ दिवसांनी. वहीत तारखा नसतील तर आजपासून लिहा.

दहा-पंधरा गुंठ्यांवर जास्त गाई असल्या की लोक ३० दिवसांतच कापतात. सलग तीन-चार वेळा असं झालं की मुळांतला साठा संपतो. शिवाय फार कोवळ्या नेपियरमध्ये ऑक्झॅलेट जास्त असतं, ते जनावराच्या पोटात कॅल्शियम बांधून ठेवतं. दुभत्या गाईला ते परवडणारं नाही.

उलट बाजूने, पावसाळ्यात दुसरी वैरण भरपूर असते म्हणून नेपियर ८०-९० दिवस तसंच उभं ठेवतात. माझ्या मते मधले ठोंब मारणारी सगळ्यात मोठी चूक हीच. पाण्यासाठी आणि खतासाठीची मुळांची ओढाताण बऱ्यापैकी आकाराच्या प्रमाणात चालते: मोठ्याला जास्त, लहानाला कमी, पण लहानालाही काही ना काही मिळतं. उजेडाचं तसं नाही. जो एक वीत उंच तो वरचं जवळजवळ सगळं ऊन घेतो, खालच्याला उरलंसुरलं. आज वीतभर मागे असलेला ठोंब पंधरा दिवसांनी हातभर मागे पडतो. वेळेवर कापणी म्हणजे सगळ्यांना पुन्हा एका रेषेत उभं करणं. कापणी लांबली की शर्यत लांबते, आणि हरणारा प्रत्येक वेळी तोच असतो.

पावसाळ्यात जास्त झालेलं नेपियर उभं ठेवू नका. कापा, कुट्टी करा, मुरघास घाला.

४. ठोंब उपटून बघा

विरळ भागातला एक मरतुकडा ठोंब दोन्ही हातांनी हलवून ओढा. नेपियरचा ठोंब सहजी येत नाही. तो हातात आला आणि मुळं कुरतडलेली दिसली तर खाली फूटभर खणा. पांढरी, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली अळी दिसली तर हुमणी. आपल्याकडे ऊसवाल्यांना ती चांगली माहीत आहे. शेजारी ऊस असेल किंवा कच्चं शेणखत टाकलं असेल तर शक्यता जास्त. दोन-चार अळ्या सापडल्या तर वेचून मारा. प्रत्येक खड्ड्यात सापडत असतील तर इथे थांबा आणि कृषी सहाय्यकाला प्लॉटवर बोलवा. दुकानदाराच्या सांगण्यावरून कीटकनाशक ओतू नका. हे पीक दीड महिन्यात गाईच्या पोटात आणि तिथून दुधात जाणार आहे.

५. हरळी आणि लव्हाळा

लोक म्हणतात, हरळीने नेपियर खाल्लं. मी उलट क्रम पाहिलाय. हरळी आणि लव्हाळा दोघांनाही भरपूर ऊन लागतं, सावलीत ते निपचित पडतात. दाट नेपियरखाली लव्हाळ्याचं एखादंच पातं दिसेल. ठोंब मेला, जमिनीवर ऊन पडलं, की मग ते उठतात. एकदा जाळं झालं की मात्र खतपाणी तेच पळवतात आणि नवी कांडी धरू देत नाहीत.

म्हणून नुसती खुरपणी पुरत नाही. लव्हाळा ओढला तर पात तुटते, गाठी जमिनीतच राहतात आणि एकाच्या चार होतात. कापणीनंतर लगेच, वापशावर (माती ओलसर पण भुसभुशीत असताना), मोकळी जागा कुदळीने खणून हरळीच्या काशा आणि लव्हाळ्याच्या गाठी वेचून बाहेर टाका, आणि त्याच दिवशी तिथे ठोंब लावा. जागा मोकळी सोडली की मेहनत वाया गेली.

तणनाशकाबद्दल एकच सांगते. हरळी मारणारं औषध नेपियरलाही मारतं, दोन्ही गवतंच. कुठलं औषध, किती दिवस वैरण बंद, हे कृषी विज्ञान केंद्रात विचारल्याशिवाय पंप पाठीला लावू नका.

६. नांग्या भरल्या तरी जगत नाहीत?

पहिल्या लागणीला दोन डोळ्यांची कांडी चालते, कारण तिथे सगळेच लहान असतात. तिसऱ्या वर्षीच्या प्लॉटमध्ये मात्र तीच कांडी चारही बाजूंनी तयार मुळांच्या ठोंबांत सापडते. तिला डोळा फुटायला दहा-बारा दिवस, तोवर शेजारी गुडघ्याला आलेले.

म्हणून नांगीला मुळासकट ठोंब वापरा, तीन-चार फुटव्यांचा, वरून फूटभर छाटलेला. प्लॉट कापल्याच्या दुसऱ्या दिवशीच लावा. खड्ड्यात कुजलेलं शेणखत घाला, आणि चारही बाजूंच्या ठोंबांची पुढची एक-दोन कापणी ३५ दिवसांवर घ्या. शेजाऱ्यांना एवढाच चाप लावायचा. हे सलग वर्षभर नको, कारण वर सांगितलंच.

विट्याजवळच्या एका नातलगांनी सलग तीन पावसाळे कांड्या घातल्या होत्या, दर वर्षी गेल्या. मुळासकट ठोंब लावले आणि शेजारचे लवकर कापले, तेव्हा पंधरापैकी तेरा धरले.

७. खत कुठे टाकताय

प्रत्येक कापणीनंतर हेक्टरी २५ किलो नत्र, म्हणजे एकरी १० किलो. युरियात ४६ टक्के नत्र, म्हणून एकरी साधारण २२ किलो युरिया. ४५ किलोची एक गोणी दोन एकरांना. फोकून टाकलं तर मोकळ्या जागेतली हरळी आणि बांधाकडचे ठोंब आधी उचलतात. मधल्या ओळींत ठोंबाच्या बुडाशी टाकून माती ओढा आणि लगेच पाणी द्या. वर्षातून एकदा शेणखत.

पाण्याचं आवर्तन लांबलं असेल, पीक सुकत असेल, तर युरिया टाकू नका. ताण बसलेल्या पिकात जनावराला विषारी ठरणारं नायट्रेट साठतं, आणि ते बुडाकडच्या दांड्यात सगळ्यात जास्त. टेंभू, म्हैसाळ उपसा सिंचन योजनांच्या पाण्यावर असलेल्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

८. बांधावरचं झाड

निलगिरी, सुबाभूळ, कडुनिंब. सावलीपेक्षा मुळांचा त्रास जास्त असतो. झाडाच्या बाजूने बांधालगत दोन फूट खोल चर खणला की प्लॉटमध्ये शिरलेली मुळं तुटतात. दोन वर्षांनी पुन्हा खणावा लागतो. सुबाभूळ छाटून गुरांना थोडी-थोडी घालता येते. त्या पट्ट्यात नेपियरचा हट्ट सोडलात तरी चालेल.

९. ठोंब फोडणं

मध्य पोकळ झालेला ठोंब म्हणजे जुने फुटवे एकमेकांच्या गर्दीत मेले. टिकावाने त्याचे चार तुकडे करा, वाळलेला गाभा बाहेर काढा, एक जोमदार तुकडा जागेवर ठेवून मातीची भर द्या, बाकीचे नांग्यांना वापरा. अंगमेहनतीचं काम आहे, दोन माणसं दिवसभरात पाच-सहा गुंठेच करतात. पण प्लॉटला दोन-तीन वर्षांचं आयुष्य मिळतं.

१०. बेणं मिसळलंय का

हा मुद्दा लांबणार, कारण माझं स्वतःचं मोठं नुकसान इथेच झालं.

संकरित नेपियर म्हणजे बाजरी आणि हत्तीगवत यांचा संकर. बाजरीकडून रसाळ दांडा आणि मऊ पाला, हत्तीगवताकडून बारमाहीपणा आणि फुटवे. बाजरीत गुणसूत्रं १४, हत्तीगवतात २८. संकरात दोघांची निम्मी-निम्मी येतात, सात आणि चौदा मिळून २१. विषम झाल्यामुळे त्यांच्या जोड्या जुळत नाहीत आणि बी धरत नाही. कणीस दिसलं तरी पोकळ. म्हणूनच याची लागण कांडीने किंवा ठोंबाने. मोबाईलवर जाहिरात बघून कुणी "संकरित नेपियरचं बी" विकत घेत असेल तर पाकिटात दुसरं काहीतरी आहे.

आता यातून निघणारी गोष्ट नीट बघा. फुले जयवंत असो, यशवंत असो, को-४ असो की बायफ संस्थेची बीएनएच-१०, एका जातीच्या प्लॉटमधले सगळे ठोंब मुळात एकच झाड आहेत. बांधाकडचा जाड आणि मधला बारीक यांच्या रक्तात काही फरक नाही, फरक जागेचा. त्यामुळे शुद्ध प्लॉटमध्ये जाड ठोंबाचं बेणं घेऊन जात सुधारत नाही. निरोगी कांडी मिळते इतकंच.

पण प्लॉट मिसळीचा असेल तर जाड ठोंब निवडणं घातक ठरतं. काही वर्षांपूर्वी मी बाहेरून बेणं आणलं, त्यात दोन प्रकार होते. ते मला कळलं नाही. बांधाच्या कोपऱ्यातला एक ठोंब फार आवडला, पुरुषभर उंच, अंगठ्याएवढा दांडा. त्याच्याच कांड्या करून अर्धा एकर लावला. वर्षभरात लक्षात आलं की पाला खरखरीत, दांड्यावर कूस, गाई निम्मं टाकतायत, दूध घटलं. ते जुन्या हत्तीगवताकडे झुकणारं काहीतरी होतं. तो ठोंब एवढा मोठा झाला कारण तो शेजाऱ्यांचं ऊन खात होता. मी नेमका सगळ्यात भांडखोर निवडला आणि त्याचंच शेत केलं. भांडखोरांच्या शेजारी भांडखोर लावल्यावर एकरी वैरणही वाढली नाही.

पदविकेच्या वेळी हे शिकवलं होतं, तेव्हा नुसतं पाठ केलं. ऑस्ट्रेलियाच्या सी. एम. डोनाल्ड यांनी १९६८ मध्ये गव्हाबद्दल मांडलं होतं की दाट पेरणीत जास्त उत्पन्न देणारं झाड हे शेजाऱ्याशी कमी झगडणारं असतं. एकटं सुटं उभं असताना देखणं दिसणारं झाड गर्दीत तसंच वागेल, असं नाही. गवताच्या जाती काढणाऱ्यांपुढे ही अडचण कायमची आहे. सुट्या रोपांतून निवड करणं सोपं असतं, पण शेतकरी लावतो दाट. म्हणून जात देण्याआधी ती भरगच्च वाफ्यात, कापणीवर कापणी घेऊन तपासावी लागते.

तपासायचं असं. कापणीनंतर २५ दिवसांनी, सकाळी, ओळीने चाला. ज्या ठोंबाचं पान बाकीच्यांपेक्षा अरुंद, कूसदार किंवा वेगळ्या रंगाचं, जो इतरांच्या आधी कणसावर येतो, त्याला लाल चिंधी बांधा. पुढच्या कापणीला चिंधीवाले वेगळे कापून गाईंपुढे टाका. टाकून देतात का बघा. देत असतील तर ते ठोंब मुळासकट काढा. तोडून चालत नाही, पुन्हा फुटतात आणि दोन वर्षांत मऊ जातीला दाबून टाकतात.

बेणं घेताना बांधाकडच्या दोन ओळी सोडा. प्लॉटच्या मधले, चारही बाजूंनी शेजारी असूनही चांगले फुटवे टिकवणारे ठोंब निवडा. तीन महिन्यांच्या दांड्याचा मधला भाग घ्या, शेंडा कोवळा असतो. शंका असेल तर राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडून किंवा उरुळीकांचनच्या बायफकडून थोडंच बेणं आणा आणि घरी वाढवा. शंभर कांड्यांपासून वर्षभरात बरंच होतं.

नेपियरमध्ये दशरथ घास किंवा चवळी ही द्विदल वैरण मिसळणाऱ्यांसाठी थोडक्यात: एकाच ओळीत लावू नका. नेपियर त्यांना सहा महिन्यांत सावलीत घालतं. वेगळा पट्टा करा.

११. जमीन

सखल कोपऱ्यात तीन फूट खड्डा खणून रात्रभर ठेवा. सकाळी पाणी साचलेलं दिसलं तर नेपियरची मुळं गुदमरतायत. मिरज, पलूस, वाळव्याच्या काळ्या जमिनींत हे नेहमीचं. मातीवर पांढरी खपली असेल तर माती परीक्षण करा. सामू (पीएच) ८.५ च्या वर गेला असेल तर पुढचं काम एकट्याचं नाही. निचऱ्याची चर योजना, जिप्सम किती, हे तज्ज्ञाने जागेवर बघून ठरवायचं. बोरगाव किंवा कालवड्याचं कृषी विज्ञान केंद्र, सांगलीकडच्यांना कसबे डिग्रजचं संशोधन केंद्र जवळ आहे. तोपर्यंत त्या कोपऱ्यात पॅरा गवत लावा, ते ओल सोसतं. माण, आटपाडी, जतच्या हलक्या माळावर पाण्याची खात्री नसेल तर नेपियरऐवजी फुले गोवर्धन जातीचं मारवेल गवत लावा.

थांबायचं कधी

निम्म्याहून जास्त ठोंब मेले असतील तर डागडुजी करू नका. प्लॉट मोडा, उन्हाळ्यात नांगरून हरळी वाळू द्या, मधे एक हंगाम चवळी किंवा ताग घ्या आणि जून-जुलैत ३ × २ फुटांवर नवी लागण करा.

आणि नेपियर खाल्ल्यावर जनावराला धाप लागली, ते लडखडलं, थरथरलं, हिरड्या निळसर-तपकिरी दिसल्या, तर हे सगळं वाचत बसू नका. गव्हाणीतली वैरण काढून टाका आणि त्याच मिनिटाला पशुवैद्यकांना फोन करा. तेल, ताक, गूळ काही पाजू नका. किती दिवसांची वैरण होती, युरिया कधी टाकला आणि शेवटचं पाणी कधी दिलं, हे त्यांना लागलीच सांगा.